एगॉनचा आग्रह

ब्राउनश्वाइग,
शनिवार, १२ जुलै २००८

आदरणीय राजानंदमामा आणि मामी,
उज्ज्वलचा दुरून, पण मनापासून सप्रेम जयभीम.

पाकिटावर जर्मनीचा शिक्का बघून दचकू नका, इकडे सगळं खुशाल आहे. माझ्या पत्रांची तुम्हाला सवय राहिलेली नाही हे मला ठाऊक आहे. हल्ली आपण फोनवरच बोलतो, आणि फोनवर तुम्ही ‘जेवला का? थंडी किती?’ एवढं विचारून रिसीव्हर मामीच्या हातात देऊन मोकळे होता. (थंडी किती, हे तुम्ही जूनमध्येही विचारलं होतं.) तेव्हा म्हटलं, सविस्तर काही सांगायचं तर कागदच बरा, मधेच कोणाच्या हातात देता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं असताना तुम्ही गच्चीवरची टाकी बघायला रोज वर जाता असं आई म्हणत होती. टाकी तुम्ही न बघताही भरते, मामा. मामींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. आणि मामी, फिरायला जाताना मामांच्या खिशात गुळाचा खडा असतो, तो तुमच्यासाठी नाही एवढंच सांगतो. मला हे कोणी कळवलं ते विचारू नका.

आधी बातमी सांगून टाकतो, कारण आमच्या घरात पत्र शेवटून वाचायची पद्धत आहे आणि निदान तुम्ही तरी सुरुवातीपासून वाचावं असं वाटतं. माझी श्टेले वाढली. श्टेले म्हणजे नोकरीची जागा. इथे पीएचडी करणाऱ्याला विद्यार्थी समजत नाहीत, नोकर समजतात आणि पगार देतात. पण ज्या प्रकल्पातून पगार येतो तो प्रकल्प संपला की पगार, व्हिसा आणि पीएचडी तिन्ही एकदम संपतात. माझा प्रकल्प येत्या सप्टेंबरात संपत होता. वाढवून मिळाला नसता तर मी अर्धवट प्रबंध बगलेत मारून ऑक्टोबरात अकोल्याला तुमच्या ओसरीवर येऊन बसलो असतो, आणि आईने सगळ्या कॉलनीत ‘माझा पोरगा डॉक्टर होऊन येते’ असं सांगून ठेवलेलं असल्यामुळे मला तोंड लपवायला ती ओसरीही पुरली नसती. आता दोन वर्षं मिळाली. मामा, काय सांगू, जीव भांड्यात पडला. गेले कित्येक महिने मी झोपेतसुद्धा दात आवळत होतो असं इथल्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं. परवापासून दात मोकळे आहेत.

ही दोन वर्षं कशी मिळाली त्याची हकिगत मात्र सरळ नाही, आणि ती सांगायची तर मी इथे नेमकं काय करतो हे एकदा नीट सांगायला हवं. तुम्ही दर वेळी विचारता आणि मी दर वेळी ‘रोबोटचं आर्किटेक्चर’ म्हणून विषय संपवतो. त्याचा परिणाम म्हणजे आईने मी आर्किटेक्ट असल्याचं जाहीर केलं, आणि शेजारच्या शरदचंद्रकाकांनी मला त्यांच्या प्लॉटची लांबी-रुंदी पाठवून ‘वर दोन खोल्या आणि पूर्वेला बाल्कनी’ असा नकाशा मागवला. (मी काढून पाठवला. बांधकाम झालं का? बाल्कनीबद्दल मला जरा काळजी आहे.) तर आर्किटेक्चर म्हणजे यंत्राच्या डोक्यात कोणी काय ठरवायचं, कोणी कोणाचं ऐकायचं आणि कोणी कधी गप्प बसायचं याची व्यवस्था. तुमच्या कचेरीची आठवण करा म्हणजे लगेच कळेल. सगळ्यात खाली शिपाई. त्याला कोणाला विचारायची गरज नाही. समोरून माणूस आला की बाजूला व्हायचं, भिंत आली की थांबायचं. त्याच्या वर हेडक्लार्क, म्हणजे तुम्ही. कामं कोणत्या क्रमाने उरकायची, एक अडलं तर दुसरं कसं हाती घ्यायचं, हे तुम्ही बघणार. आणि सगळ्यात वर साहेब. साहेबांनी नुसतं ठरवायचं, की आज अमुक साध्य करायचं आहे, आणि डोळे मिटून विचार करत बसायचं. साहेब विचार करत असताना शिपायाने भिंतीवर डोकं आपटता कामा नये, हे आमच्या शास्त्राचं सार आहे. यावर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. तुम्ही पेन्शन येईपर्यंत तेच करत होता आणि कोणी तुम्हाला डॉक्टर म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या यंत्राचं नाव एगॉन. उंची मामींएवढी, खाली चाकं, वर दोन कॅमेरे, मधे एक ट्रे, आणि पाठीवर लाल बटण. ते दाबलं की जे चाललं असेल ते जागच्या जागी बंद. त्याला नोट-आउस म्हणतात, आणि इथल्या नियमाप्रमाणे तसंच एक बटण माझ्या हातातही रिमोटवर असावं लागतं. एगॉनने म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात फिरून लोकांना पाणी, कॉफी, खाऊ विचारावा, हा प्रकल्पाचा उद्देश. माणूस हो म्हणाला तर ट्रे पुढे करायचा, नाही म्हणाला तर काय करायचं ते हेडक्लार्कने ठरवायचं. आता नाही म्हटल्यावर परत एकदा विचारावं का, विचारायचं तर किती वेळा, हा आकडा मी स्वतः न ठरवता त्याने अनुभवातून शिकावा अशी सोय केली होती. मला ती फार हुशारीची वाटली होती. परत विचारल्यावर माणसाने घेतलं, तर हेडक्लार्क समजणार की विचारणं योग्य होतं, आणि पुढच्या वेळी आणखी चिकाटी दाखवणार. नाही घेतलं, तर चिकाटी कमी करणार. इतकं साधं.

आमच्या प्रोफेसर ल्युडेके यांची अट होती की एगॉनला शिकवायला माणसं नवखी हवीत, आमच्या विभागातली नकोत. (आमच्या विभागातले लोक एगॉन दिसला की दार लावून घेतात.) पण मी नेमका उशीर केला आणि फिंग्स्टेनचा आठवडा आला. हा इथला मे महिन्यातला सण. विद्यापीठ ओस पडतं, विद्यार्थी सायकली घेऊन समुद्राकडे जातात. मी रिकाम्या व्हरांड्यात एगॉनला घेऊन उभा, आणि विचारायला चिटपाखरू नाही. त्याच वेळी जीवनचा फोन आला. जीवन रामटेके तुम्हाला आठवेल, माझा पुण्याचा रूममेट, आता वोल्फ्सबुर्गजवळ राहतो आणि गाड्यांच्या ब्रेकचं काहीतरी करतो. त्याची बायको क्षमा इकडच्या आपल्या सगळ्या लोकांची बुद्धपौर्णिमा दर वर्षी करते. या वर्षी ठरलेला हॉल ऐन वेळी रद्द झाला होता आणि ती जागा शोधत होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (आता तो आठवला की अंगावर काटा येतो.) प्रोफेसरांची परवानगी काढली, रविवारी आमच्या इन्स्टिट्यूटचा हॉल उघडून घेतला, आणि ब्राउनश्वाइगपासून पार झिंडेलफिंगेनपर्यंतची आपली माणसं बायकापोरांसकट, काही जण भारतातून आलेल्या आईवडिलांसकट, गोळा झाली. पंचशील झालं, वंदना झाली, एका छोट्या मुलीने जर्मन उच्चारात त्रिसरण म्हटलं आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. मग क्षमाने केलेले रव्याचे लाडू ट्रेमध्ये मांडून मी एगॉनला सोडलं.

मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की एगॉनला मराठी येत नाही. फक्त ‘या’ (म्हणजे हो) किंवा ‘नाइन’ (म्हणजे नाही) म्हणायचं, बाकी काही नाही. माझी माणसं इतकी गुणी, की त्यांनी शब्द तंतोतंत पाळले. पण मामा, शब्द जर्मन असले तरी रीत आपलीच होती. पहिल्यांदा विचारल्याबरोबर लाडू उचलणारा माणूस आपल्यात तुम्ही बघितला आहे का? एगॉन प्रत्येकासमोर जाऊन उभा राहिला आणि प्रत्येक जण लाजून ‘नाइन, नाइन’ म्हणाला. एगॉनने परत विचारलं. परत ‘नाइन’, पण आवाज जरा खाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर अर्धा लाडू. जीवनच्या सासूबाई, सरलाकाकू, नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी तर हात ट्रेवर आडवा धरून इतका कडक नकार दिला की मला वाटलं आता एगॉन खचणार. पण एगॉन खचला नाही, विचारत राहिला, आणि शेवटी काकूंनी ‘आता एवढं म्हणतेच आहे बिचारा’ म्हणून दोन लाडू घेतले आणि त्याच्या कॅमेऱ्यांवरून मायेने हात फिरवला. त्यातही एगॉनची बोलायची वाक्यं मीच लिहिलेली. जर्मनमध्ये पाहुण्याला आग्रह कसा करतात ते मला कुठे ठाऊक, म्हणून आईची वाक्यं आठवून त्यांचं जर्मन केलं होतं. दुसऱ्यांदा विचारताना एगॉन म्हणायचा, ‘थोडंसं तरी’. तिसऱ्यांदा, ‘लहानसा तुकडा कुठेही मावतो’. आणि त्यानंतर ठेवणीतलं, ‘मिअर त्सुलीबं’, म्हणजे ‘माझ्यासाठी म्हणून’.

त्या दिवशी खरोखरचं ‘नाही’ एकाच माणसाने म्हटलं. आमच्या इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर, ब्रुगेमान, हॉल बंद करायला आले होते. त्यांना एगॉनने लाडू विचारला, ते ‘नाइन’ म्हणाले, त्याने परत विचारला, ते परत ‘नाइन’ म्हणाले, आणि तो ‘माझ्यासाठी म्हणून’ वर पोचायच्या आत ते किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटून निघून गेले. मी रात्री आकडे तपासले तेव्हा सगळ्या माणसांचे ठिपके एका झुबक्यात आणि ब्रुगेमानसाहेबांचा एकटाच ठिपका दूर कोपऱ्यात. आकडेशास्त्रात अशा ठिपक्याला अपवाद म्हणून काढून टाकायची सोय असते. मी काढून टाकला. अख्ख्या जर्मनीचा जो एकमेव प्रतिनिधी माझ्या प्रयोगात होता त्याला मी अपवाद ठरवला, आणि मामा, मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आलेख इतका सुंदर आला होता की मी तो प्रोफेसरांना छापून दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ‘फारच रंजक’. जर्मन माणूस असं म्हणाला की सावध व्हायचं असतं, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

मग जूनमध्ये परीक्षक आले. प्रकल्प वाढवायचा की गुंडाळायचा ते त्यांच्या हातात. बॉनहून एक अधिकारी, जे कोणाकडेही न बघता सतत लिहीत होते. डॉक्टर केसलर, दक्षिणेकडच्या एका मोटार कारखान्यातले बडे इंजिनियर, उंच, बारीक, कोटाची सगळी बटणं लावलेले. आणि फ्राऊ विटकोप, वृद्धांचं वसतिगृह चालवणाऱ्या बाई. आमच्या परिभाषेतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं आणि ते त्या लपवतही नव्हत्या. परीक्षा साधी होती. एगॉनने खोलीतल्या पाहुण्यांना बुटरकूखेन विचारायचा (हा इथला लोण्याचा केक, चवीला बरा असतो, घशाला जरा कोरडा), ज्यांना हवा त्यांना द्यायचा आणि आपल्या जागी परत यायचं. मधे माणसाने हात लावायचा नाही. लाल बटण दाबावं लागलं तर परीक्षा नापास, असं बॉनच्या कागदात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी कोपऱ्यात रिमोट हातात धरून उभा राहिलो. माझे तळवे इतके घामेजले होते की रिमोट निसटेल म्हणून मी तो रुमालात गुंडाळून धरला.

एगॉन सुरेख निघाला. खुर्ची चुकवली, वायर ओलांडली, आणि थेट केसलरसाहेबांसमोर उभा राहिला. केसलर म्हणाले, ‘नाइन, डांके’, म्हणजे नको, धन्यवाद. एगॉन म्हणाला, ‘थोडंसं तरी.’ केसलरांना वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून ‘नाइन’ म्हणाले. एगॉन म्हणाला, ‘लहानसा तुकडा कुठेही मावतो.’ त्या क्षणी मला सरलाकाकूंचा ट्रेवरचा आडवा हात दिसला आणि काय झालंय ते सगळं एकदम कळलं. केसलर खिडकीकडे सरकले. एगॉन अदबीने अंतर राखून मागोमाग गेला. केसलर टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. एगॉनने जवळचा रस्ता शोधला आणि तो त्यांच्या आधी तिथे पोचला. (रस्ता शोधण्याचा तो भाग माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे, आणि तो इतका सफाईने चाललेला मी पहिल्यांदाच पाहिला.) शेवटी केसलर घड्याळ बघितल्यासारखं करून व्हरांड्यात गेले आणि टॉयलेटमध्ये शिरून त्यांनी दार लावून घेतलं. एगॉन दारासमोर जाऊन थांबला. ट्रे पुढे, कॅमेरे दारावर. मधून मधून बंद दाराला म्हणायचा, ‘मिअर त्सुलीबं.’

आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. बॉनचे गृहस्थ लिहीत होते. प्रोफेसरांची मान लाल होऊन तो रंग कानांपर्यंत चढला होता आणि ते माझ्या रुमालाकडे बघत होते. आता मी काय करावं, सांगा. बटण दाबावं तर नापास, आणि मी ऑक्टोबरात ओसरीवर. न दाबावं तर मोटार कारखान्याचा एवढा मोठा माणूस एका केकच्या तुकड्यापायी आत अडकलेला. आणि सगळ्यात संताप याचा, की माझं आर्किटेक्चर निर्दोष चाललं होतं! सेक्रेटरीबाई फायली घेऊन आल्या तेव्हा शिपायाने लगेच बाजूला होऊन त्यांना वाट दिली, हेडक्लार्कने त्या गेल्याबरोबर एगॉनला परत दारासमोर आणून उभं केलं, आणि वर साहेब शांतपणे विचार करत होते की माणूस आत गेला आहे त्या अर्थी कधीतरी बाहेर येईल. कोणीही चूक करत नव्हतं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि त्याच वेळी, खरं सांगतो, मला एगॉनचं थोडं कौतुकही वाटत होतं.

तेवढ्यात फ्राऊ विटकोप माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, हा असा किती वेळ थांबेल? खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. म्हटलं, ते घेईपर्यंत. ‘खरंच?’ म्हणाल्या. मी म्हणालो, ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर. त्या आधी ओठ दाबून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडची म्हातारी माणसं पाणी विचारलं की नको म्हणतात. तहान लागलेली त्यांना कळत नाही, किंवा कोणाला त्रास नको म्हणून नको म्हणतात. नर्सला दुसऱ्यांदा विचारायला वेळ नसतो. उन्हाळ्यात त्यातलं कोणी ना कोणी चक्कर येऊन पडतं. दुसऱ्यांदा विचारणारं आमच्याकडे कोणी नाही हो. मामा, त्यांनी हे जर्मनमध्ये सांगितलं, पण मला आपली आजी आठवली, जी शेवटच्या आजारपणात ‘मले काही नको’ म्हणायची आणि तुम्ही वाटी घेऊन तासन्‌तास बसायचे. बटणावरचा माझा अंगठा आपोआप बाजूला झाला.

मग दार उघडलं. केसलरांनी बाहेर डोकावून बघितलं, एगॉनने ट्रे आणखी थोडा पुढे केला, आणि त्या भल्या माणसाने हात पुसून सगळ्यात लहान तुकडा उचलला. एगॉन ‘डांके’ म्हणून मागे फिरला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मधे माणसाने हात लावला नव्हता, काम पूर्ण झालं होतं. बॉनच्या कागदाप्रमाणे परीक्षा पास. (कागदात टॉयलेटबद्दल काही नव्हतं.) पण केसलर तेवढ्यावर सोडणारे नव्हते. उभ्या उभ्या केक खात खात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: तुमच्या या तीन थरांपैकी कुठे थांबायचं ते कोणता थर ठरवतो? मी शिपाई आठवला, हेडक्लार्क आठवला, साहेब आठवले. मग म्हणालो, कोणताच नाही. मी पुढे बुद्धपौर्णिमा, लाडू, हाउसमाइस्टरांचा ठिपका, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता लपवून काय उपयोग. आमच्याकडे पहिल्या नाहीला नाही समजणं म्हणजे पाहुण्याचा अपमान असतो, तुमच्याकडे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे अपमान असतो, आणि फ्राऊ विटकोपांच्या वसतिगृहातल्या आजींना या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं आहे. माणूस कोण आहे आणि त्याची नाही कोणत्या जातीची आहे हे बघून थांबणारा थर मुळात बांधलेलाच नाही, तो बांधायला हवा. केसलरांनी तोंडातला केक गिळला, म्हणाले, ‘आल्झो (म्हणजे तर मग), हे दोन वर्षांचं काम आहे.’ आणि केक जरा कोरडा आहे, असंही म्हणाले.

त्यानंतर निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. परवा टपालपेटीत बॉनचं पाकीट आलं, पातळ. पातळ पाकीट म्हणजे नकार, असं इथले जुने विद्यार्थी सांगतात. मी ते जिन्यातच फोडलं, पहिली ओळ तीनदा वाचली आणि पायरीवर बसकण मारली. डोळ्यांत पाणी आलं, तुमच्यापासून काय लपवायचं. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, त्यांनी काळजीने विचारलं की घरी काही वाईट झालं का. मी म्हणालो, नाही, खूप चांगलं झालं, आणि त्या काही न कळता माझ्या पाठीवर थोपटून गेल्या. संध्याकाळी जीवन आणि क्षमा आले. क्षमाने परत लाडू आणले होते. मी पहिल्यांदा विचारल्याबरोबर घेतले, त्यावर ती म्हणाली, ‘बिघडलास रे तू इकडे.’

बाकी सगळं ठीक. आईला मी फोनवर फक्त ‘नोकरी वाढली’ एवढं सांगितलं आहे; सविस्तर तुम्ही सांगा, पण टॉयलेटचा भाग गाळून. शुभाताईला नमस्कार, तिच्या मुलांना आशीर्वाद, शेजारी शरदचंद्रकाकांना जयभीम, आणि त्यांना म्हणावं बाल्कनीत फार माणसं एकदम उभी राहू देऊ नका.

तुमचा भाचा,
उज्ज्वल

ता. क. – कोणी भारतातून येणारं असलं तर मामींच्या हातचा काळा मसाला पाठवा. नाही जमलं तरी चालेल.

ता. क. दुसरा – मसाल्याचं उगीच लिहिलं, अजून डबाभर आहे. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे, आणि वर एवढी पानं भरूनही ते लिहायला हात धजला नाही. डिसेंबरात तुम्ही फोनवर यामिनीच्या स्थळाबद्दल विचारलं होतं. वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते ती. आपल्या प्रतापच्या लग्नात आम्ही मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून अख्खी संध्याकाळ बोलत बसलो होतो, हे तुम्ही बघितलं होतं म्हणूनच विचारलंत. मी ‘आत्ता नको’ म्हणालो. माझ्या नोकरीचं सप्टेंबरपुढे काही खरं नव्हतं. तिला कशाच्या भरवशावर हो म्हणणार होतो? पण मला वाटलं होतं, तुम्ही परत विचाराल. आजीच्या वाटीचा अपवाद सोडला, तर सगळ्या खानदानात एकच माणूस असा आहे जो पहिल्या नाहीला नाही समजतो, आणि तो नेमका माझा मामा निघाला. तुम्ही ‘बरं बाप्पा, नाई तं नाई’ म्हणालात आणि रिसीव्हर मामीकडे दिलात. त्यानंतर दर रविवारी फोन वाजला की मी वाट बघितली, आणि तुम्ही दर रविवारी थंडी विचारली. मामा, दात मी नुसते नोकरीसाठी आवळत नव्हतो. आता माझ्या हातात दोन वर्षं आहेत. तिचं अजून कुठे ठरलं नसेल, तर मला परत एकदा विचाराल का? या वेळी पहिल्याच विचारण्याला हो म्हणेन.

ता. क. तिसरा – तिला मात्र एकदाच विचारा. मामींना किंवा आईला विचारू देऊ नका, त्या दोघी ‘माझ्यासाठी म्हणून’ वर जातील. नको म्हणाली, तर ते नकोच, तिथे थांबायचं. मला वाईट वाटेल ते माझं मी बघेन. पण ‘आत्ता नको’ म्हणाली, तर रिसीव्हर मामीकडे देऊ नका. मला लगेच कळवा.